माती परीक्षणाच्या अहवालावरून खताचा हिशोब कसा मांडायचा

माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की नजर थेट ‘कमी, मध्यम, जास्त’ या रकान्याकडे जाते. मग कागद फायलीत जातो आणि खत ठरतं दुकानात, समोर जी गोणी असेल तिच्यावर. अहवालातला प्रत्येक आकडा मात्र गोणीपर्यंत नेता येतो. त्याला गुणाकार-भागाकारापलीकडचं गणित लागत नाही. एकक कुठलं आहे याकडे मात्र बारीक लक्ष द्यावं लागतं. चुका होतात त्या बहुतेक तिथेच.

खाली एकच अहवाल घेऊन शेवटपर्यंत हिशोब केला आहे. मध्यम खोल, चुनखडीयुक्त काळी जमीन, पीक बागायत गहू, पेरणी वेळेवर. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण राज्यातल्या काळ्या जमिनीत नेहमी दिसणारे आहेत: नत्र कमी, पालाश भरपूर, जस्त आणि लोह कमतरतेच्या रेषेखाली.

सामू (पीएच) ८.१
विद्युत वाहकता ०.३४ डेसिसायमन प्रति मीटर
सेंद्रिय कर्ब ०.५३ टक्के
उपलब्ध नत्र १८८ किलो/हेक्टर
उपलब्ध स्फुरद १६.४ किलो/हेक्टर
उपलब्ध पालाश ४२६ किलो/हेक्टर
गंधक ८.२ पीपीएम
जस्त ०.४८ पीपीएम
लोह ३.६ पीपीएम
बोरॉन ०.६२ पीपीएम

आधी नमुना

नमुना चुकला तर पुढचं सगळं गणित फुकट जातं. शेताचे रंग, उतार आणि खोलीप्रमाणे भाग पाडा. प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी ‘व्ही’ आकाराचा १५ सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत सारखी कापून घ्या. सगळी माती एकत्र करा, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकून द्या, आणि साधारण अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहा. माती सावलीत वाळवा. बांध, झाडाखालची जागा, शेणखताच्या ढिगाची जागा, पाटाची कड यांतून माती घेऊ नका. खताच्या रिकाम्या गोणीत नमुना भरला की स्फुरद-पालाशाचे आकडे फुगतात. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत माती कालवली तर जस्त फुगतं, आणि गंजक्या खुरप्याने लोह. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर बांबूची किंवा प्लास्टिकची अवजारं वापरा.

पीपीएम आणि किलो प्रति हेक्टर

एक पीपीएम म्हणजे एक किलो मातीत एक मिलिग्रॅम. हेक्टरचा हिशोब करायला वरच्या थरातल्या मातीचं वजन लागतं. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. १५ सेंटिमीटर खोलीला १,५०० घनमीटर माती होते. तिची घनता घनमीटरला सुमारे १.४९ टन धरली की वजन येतं २२.४ लाख किलो. म्हणून पीपीएमला २.२४ ने गुणलं की किलो/हेक्टर मिळतं. एकरासाठी हाच गुणक सुमारे ०.९.

खोली किंवा घनता वेगळी असेल तर गुणक असा काढा: सेंटिमीटरमधली खोली गुणिले घनता, भागिले १०. भुसभुशीत काळ्या जमिनीची घनता १.३ धरली तर १५ सेंटिमीटरला गुणक १.९५ येतो. माळाच्या मुरमाड जमिनीत चाळणीवर २० टक्के खडे राहत असतील तर तेवढी माती वजनातून वजा करा, कारण प्रयोगशाळा फक्त दोन मिलिमीटर चाळणीतून गेलेली माती तपासते. एक गोष्ट मात्र सांभाळा. कमी-मध्यम-जास्तच्या मर्यादा प्रचलित २.२४ गुणकावर बसवलेल्या आहेत. वर्ग ठरवताना तोच वापरा. जमिनीतला प्रत्यक्ष साठा काढायचा असेल तेव्हाच स्वतःच्या शेताची घनता घ्या.

विद्युत वाहकतेतही गफलत होते. ०.३४ डेसिसायमन म्हणजेच ३४० मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटर. ३४० वाचून जमीन खारट झाली असं समजू नका. शिवाय खारटपणाची ४ डेसिसायमन ही प्रसिद्ध मर्यादा संपृक्त अर्काची आहे. आपल्या प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी या द्रावणात मोजतात, तिथे १ च्या खालचा आकडा सर्वसाधारण धरतात.

आकडा येतो कसा

हे प्रयोगशाळेचं काम असलं तरी शेतकऱ्यानेही समजून घ्यावं. कुठल्या फरकाला महत्त्व द्यायचं आणि कुठल्या नाही, हे त्यातूनच कळतं.

सेंद्रिय कर्बासाठी एक ग्रॅम माती पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लात घेतात आणि उरलेलं डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने मोजतात. कोऱ्या नमुन्याला (माती न घालता केलेल्या चाचणीला) २०.० मिली आणि आपल्या मातीला १६.५ मिली लागलं, तर फरक ३.५. त्याला ०.५ (द्रावणाची नॉर्मॅलिटी), ०.००३ आणि १०० ने गुणलं की ०.५२५, म्हणजे ०.५३ टक्के. काही अहवालांत कर्बाऐवजी सेंद्रिय पदार्थ छापलेले असतात. ते कर्बाच्या १.७२४ पट, म्हणजे याच मातीत ०.९१ टक्के. ०.९१ हा आकडा कर्बाच्या तक्त्यावर लावला की मध्यम जमीन एकदम ‘जास्त’मध्ये जाऊन बसते.

नत्रासाठी २० ग्रॅम माती अल्कधर्मी पोटॅशियम परमँगनेटबरोबर उकळतात आणि निघालेला अमोनिया बोरिक आम्लात पकडतात. तो ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाने मोजल्यावर लागलेल्या प्रत्येक मिलीमागे ३१.३६ किलो/हेक्टर नत्र धरतात. आपल्या नमुन्यात कोरा नमुना वजा जाता ६.० मिली लागलं, म्हणून १८८. म्हणजे आम्लाचा एक थेंब, सुमारे ०.०५ मिली, इकडेतिकडे झाला तरी दीड किलोचा फरक पडतो. गेल्या वेळी १९५ आणि यंदा १८८ आलं म्हणून जमीन खालावली असा अर्थ काढू नका.

पालाशाला ५ ग्रॅम माती आणि २५ मिली अमोनियम ॲसिटेट घेतात. ज्वालाप्रकाशमापीवर ३८ पीपीएम आलं, तर ३८ गुणिले ५ गुणिले २.२४, बरोबर ४२६. स्फुरदाला ऑल्सेन पद्धत: २.५ ग्रॅम माती, ५० मिली सोडियम बायकार्बोनेट, त्यातले ५ मिली घेऊन २५ मिलीपर्यंत रंग विकसित करायचा. इथे विरळीकरण १०० पट होतं. रंगीत द्रावणात ०.०७३२ पीपीएम आलं की जमिनीत १६.४ किलो/हेक्टर. इतका मोठा गुणक असल्यामुळे काचपात्राला डिटर्जंटचा अंश राहिला तरी स्फुरदाचा आकडा उडतो. ऑल्सेन ही आपल्या उदासीन ते अल्कधर्मी जमिनींची पद्धत आहे. कोकण-गोव्यातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीला ब्रे पद्धत वापरतात आणि तिच्या मर्यादा वेगळ्या आहेत. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका.

स्फुरद कुठल्या रूपातला?

हिशोबातला सगळ्यात महागडा घोळ हा आहे. खताच्या गोणीवर स्फुरद पी२ओ५ या रूपात असतो आणि शिफारशीही त्याच रूपात असतात. जमिनीच्या अहवालात मात्र कधी मूलद्रव्य ‘पी’ (फॉस्फरस) असतो, कधी पी२ओ५. पी ला २.२९ ने गुणलं की पी२ओ५ मिळतो. उलट जायचं तर २.२९ ने भागा. पालाशाला के (पोटॅशियम) वरून के२ओ काढायचा गुणक १.२ आहे.

ऑल्सेन स्फुरदाच्या प्रचलित मर्यादा मूलद्रव्य रूपात अशा: १० च्या खाली कमी, १० ते २५ मध्यम, २५ च्या वर जास्त. आता आपला १६.४ पाहा. तो पी असेल तर मध्यम. पण पी२ओ५ असेल तर २.२९ ने भागून ७.२ येतो, म्हणजे कमी. आणि उलट चूक: प्रयोगशाळेने हीच माती पी२ओ५ रूपात ३७.६ अशी छापली आणि तुम्ही ती पी समजून वाचली, तर ‘जास्त’. एकाच मातीवरून हेक्टरी ७५, ६० किंवा ४५ किलो अशा तीन मात्रा निघतात (त्या कशा, ते पुढे ‘वर्ग आणि मात्रा’मध्ये). अहवालावर रूप छापलेलं नसेल तर प्रयोगशाळेला फोन करून विचारा. अंदाजाने पुढे जाऊ नका. आपल्या उदाहरणात १६.४ हा पी आणि ४२६ हा के आहे.

१८८ किलो नत्र आहे, मग खत कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. गव्हाची शिफारस हेक्टरी १२० किलो आणि जमिनीत १८८ असताना युरिया का घालायचा? कारण १८८ हा पिकासाठी वाढून ठेवलेला साठा नाही. उकळत्या परमँगनेटने जेवढं नत्र सोडवून घेतलं तेवढा तो आकडा. जमिनीतलं बहुतांश नत्र सेंद्रिय पदार्थात अडकलेलं असतं. ०.५३ टक्के कर्ब म्हणजे हेक्टरी जवळजवळ १२ टन कर्ब आणि त्यासोबत साधारण १,००० किलो एकूण नत्र. त्यातला अगदी थोडा टक्का एका हंगामात जिवाणूंकडून मोकळा होतो. पालाशाचा ४२६ सुद्धा असाच निर्देशांक आहे. म्हणून शिफारशीतून अहवालाचा आकडा सरळ वजा करायचा नाही. आकड्यावरून आधी वर्ग ठरवायचा आणि वर्गाप्रमाणे शिफारस वाढवायची किंवा घटवायची.

काही ठिकाणी नत्र प्रत्यक्ष न मोजता कर्बावरून काढून छापतात. ओळखायचं असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या शेतांचे अहवाल घेऊन नत्राला कर्बाने भागा. प्रत्येक वेळी तंतोतंत एकच भागाकार आला तर नत्राची वेगळी चाचणी झालेली नाही. असा आकडा टाकाऊ नसतो, पण कर्ब आणि नत्र हे दोन वेगळे पुरावे म्हणून धरू नका.

वर्ग आणि मात्रा

मर्यादा किलो/हेक्टरमध्ये: नत्र २८० च्या खाली कमी, ५६० च्या वर जास्त. पालाश के रूपात १०८ च्या खाली कमी, २८० च्या वर जास्त. राज्यातल्या अनेक प्रयोगशाळा तीनऐवजी सहा वर्ग वापरतात; त्या तक्त्यातही आपलं नत्र कमी, स्फुरद मध्यम आणि पालाश सगळ्यात वरच्या वर्गात जातं.

साधा नियम असा: कमी असेल तर शिफारशीच्या २५ टक्के जास्त, मध्यम असेल तर शिफारशीइतकं, जास्त असेल तर २५ टक्के कमी. वेळेवर पेरलेल्या बागायत गव्हाची शिफारस हेक्टरी १२०:६०:४० आहे.

नत्र: १२० + ३० = १५०
स्फुरद: ६०
पालाश: ४० − १० = ३०

एकराला २.५ ने भागा (नेमका भाजक २.४७): ६०:२४:१२ किलो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. ०.८१ म्हणजे ८१ आर, दोन एकर. शिफारस हेक्टरी आहे की एकरी हे दर वेळी तपासा. हेक्टरची मात्रा एकरात पडली तर अडीचपट खत जातं.

गोणीचा हिशोब

सूत्र एकच: हवे असलेले किलो गुणिले १००, भागिले गोणीवरचा टक्का.

पहिला पर्याय, सिंगल सुपर फॉस्फेट. एकरी २४ किलो स्फुरदासाठी २४ × १०० ÷ १६ = १५० किलो, म्हणजे ५० किलोच्या तीन गोण्या. पालाशाला १२ × १०० ÷ ६० = २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. नत्राला ६० × १०० ÷ ४६ = १३० किलो युरिया. युरियाची गोणी आता ४५ किलोची आहे, तिच्यात २०.७ किलो नत्र असतं. जुन्या ५० किलोच्या सवयीने गोण्या मोजल्या तर प्रत्येक गोणीमागे २.३ किलो नत्र कमी पडतं.

दुसरा पर्याय, डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट). एक गोणी (५० किलो) म्हणजे २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र. हे ९ किलो वजा करायला हमखास विसरतात. उरलेल्या ५१ किलो नत्राला १११ किलो युरिया, म्हणजे अडीच गोण्या. पोटॅश तेवढंच, २० किलो.

आपल्या शेतासाठी पहिला पर्याय सरस आहे. गंधकाची मर्यादा १० पीपीएम आणि अहवालात ८.२ आहे. तीन गोण्या सुपर फॉस्फेटमधून ११ टक्क्यांनी १६.५ किलो गंधक आपोआप मिळतं. डीएपीत गंधक नाही, तेव्हा तो घेतला तर ९० टक्क्यांचं बेंटोनाइट गंधक एकरी १० किलो वेगळं द्यावं लागेल. त्याचं रूपांतर व्हायला वेळ लागतो, म्हणून ते पेरणीआधीच मातीत मिसळा.

१०:२६:२६ सारख्या मिश्रखतात आधी जे अन्नद्रव्य सगळ्यात कमी हवं त्यावर प्रमाण ठरवा. स्फुरदावर ठरवलं तर २४ किलोसाठी ९२ किलो खत लागेल आणि गरज १२ ची असताना २४ किलो पालाश पडेल. पालाशावर ठरवा: एक गोणी म्हणजे ५ नत्र, १३ स्फुरद, १३ पालाश. उरलेल्या ११ किलो स्फुरदाला २४ किलो डीएपी, त्यातून ४.३ किलो नत्र. बाकी ५०.७ किलो नत्राला ११० किलो युरिया.

नत्र दोन हप्त्यांत द्या. पहिल्या पर्यायात पेरणीला ६५ किलो युरिया आणि २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना, उरलेला ६५. डीएपी घेतलं तर पेरणीला युरियाची एकच गोणी पुरते, कारण ९ किलो नत्र डीएपीतूनच येतं. युरिया आणि सुपर फॉस्फेट आदल्या रात्री एकत्र करून ठेवू नका. मिश्रणाला पाणी सुटतं, चिखल होतो आणि पाभरीची नळी तुंबते.

शेणखत आणि विहिरीचं पाणी

एकरी चार टन चांगलं कुजलेलं शेणखत घातलं असेल तर अर्ध्या टक्क्याने त्यात २० किलो नत्र होतं. पहिल्या पिकाला त्यातला साधारण तिसरा हिस्सा मिळतो. म्हणजे ६-७ किलो नत्र, १४ किलो युरिया वाचला. शेणखत ओलं असेल तर हा आकडा आणखी कमी धरा.

पाण्यातलं नत्र तर कुणी धरतच नाही. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम असेल (पिण्याच्या पाण्याची मर्यादा हीच आहे), तर त्याला ०.२२६ ने गुणून १०.२ मिलिग्रॅम नत्र होतं. एका हेक्टरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे एक लाख लिटर. लिटरला एक मिलिग्रॅम असेल तर त्यात ०.१ किलो. सहा-सहा सेंटिमीटरच्या पाच पाळ्या दिल्या तर हेक्टरी ३० किलो, एकरी १२ किलो नत्र पाण्यातूनच येतं. खताचा जोरदार वापर असलेल्या बागायत पट्ट्यात पाण्याची तपासणी एकदा तरी करून घ्या. उशिरा दिलेल्या पाळ्यांतलं नत्र पिकाच्या फारसं उपयोगी पडत नाही, म्हणून हिशोबात निम्मंच वजा करा.

अपेक्षित उत्पादनाचं समीकरण

२५ टक्क्यांचा नियम ढोबळ आहे. २७५ आणि १५० दोन्ही नत्र ‘कमी’च, आणि मात्राही तीच. याहून नेमकं हवं असेल तर कृषी विद्यापीठांची अपेक्षित उत्पादनावर आधारित समीकरणं वापरा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात यावर दीर्घकाळ काम झालं आहे. समीकरणाचं रूप असं असतं: खतातलं नत्र = (अ × अपेक्षित उत्पादन) − (ब × जमिनीतलं नत्र). फक्त आकडेमोड दाखवायला अ = ४ आणि ब = ०.४ घेऊ. हेक्टरी ५० क्विंटलसाठी २०० − ७५ = १२५ किलो. खरे गुणांक पिकाप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे बदलतात, ते विद्यापीठाच्या शिफारशीतूनच घ्या. उत्पादन क्विंटलमध्ये की टनात, जमिनीतला स्फुरद पी की पी२ओ५, हे समीकरणासोबत लिहिलेलं असतं, तेच पाळा. आणि शेताने आजवर ३५ क्विंटलच्या वर दिलेलं नसताना ७० चं लक्ष्य भरू नका. कागदावर खत वाढेल, पण पाणी, वाण आणि थंडीची कमी त्याने भरून निघणार नाही.

जस्त आणि लोह

इथे वजाबाकी अजिबात चालत नाही. जस्ताची मर्यादा ०.६ आणि अहवालात ०.४८. फरक ०.१२ पीपीएम, २.२४ ने गुणून हेक्टरी जेमतेम पाव किलो जस्त. देतात मात्र पाच किलो, कारण चुनखडीच्या जमिनीत दिलेल्या जस्तापैकी फारच थोडं पिकाला मिळतं, बाकी मातीत बांधलं जातं. २१ टक्क्यांचं झिंक सल्फेट एकरी १० किलो द्या. ३३ टक्क्यांचं असेल तर १० × २१ ÷ ३३ = ६.४ किलो पुरे. दोन्ही बाजारात एकाच नावाने मिळतात, पिशवीवरचा टक्का वाचून घ्या. ते सुपर फॉस्फेटमध्ये किंवा डीएपीत मिसळू नका, स्फुरदाशी संयोग होऊन दोन्ही अडकतात. शेणखतात कालवून वेगळं टाका. एकदा दिलेलं जस्त पुढच्या दोन-तीन पिकांना पुरतं, दर हंगामाला देऊ नका.

लोहाची मर्यादा ४.५, अहवालात ३.६. या सामूच्या जमिनीत उघडं टाकलेलं फेरस सल्फेट काही दिवसांतच गंजाच्या रूपात जातं आणि पैसे वाया जातात. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १०० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून संध्याकाळी फवारा. द्रावण तांबूस दिसू लागलं तर लोह बिघडलं. ते टाकून ताजं करा. बोरॉनची मर्यादा ०.५ आहे. ०.६२ आलं आहे, तेव्हा बोरॅक्स घालू नका. बोरॉनमध्ये कमतरता आणि विषबाधा यांच्यातलं अंतर फार थोडं असतं.